पऱ्हाटीचं खाल्लेलं पान

कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, गट कोणता, तेव्हा बाबांनी ‘गणित’ म्हटलं आणि त्याच दमात मी ‘जीवशास्त्र’ म्हटलं. कारकुनाने चष्म्यावरून आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि टाक दौतीत बुडवून त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. मागे मुलांची रांग होती आणि आमच्या घरचं भांडण सोडवण्याचा पगार त्याला मिळत नव्हता. सहामाहीपर्यंत भौतिक, रसायन आणि भाषा सगळ्यांना सारख्याच, तेव्हा दिवाळीपर्यंत काय ते ठरवा, जागा असली तर बघू, असं म्हणून त्याने पुढच्याला हाक मारली. अशी मी वर्ध्याला विज्ञान शाखेत दाखल झाले आणि तरी कुठेच दाखल झाले नाही.

गोष्ट पंचावन्न सालाच्या सुमाराची. बाबा आमच्या गावच्या, आंजीच्या शाळेत गणित शिकवत. जगातली कोणतीही अडचण त्रैराशिकाने सुटते अशी त्यांची समजूत होती, आणि माझी सुटत नव्हती म्हणून ते जरा खट्टू असत. मी गणितात कच्ची नव्हते. फक्त मला ते आवडत नव्हतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही. भांडण मात्र ते करत नसत. ते ठरवत नसत, ठरू देत.

ठरवण्याचं काम मोठेबाबांचं. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. वावर, म्हणजे शेत, ते पाहत, आणि वावर पाहणारा माणूस घरातलं बाकी सगळंही आपणच पाहतो असं धरून चालतो. मला कॉलेजात घालायला त्यांची ना नव्हती, पण काय शिकते ते चार लोकांत सांगता आलं पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. आणि नेमकं तेच सांगता येत नव्हतं. बाजारात कोणी विचारलं की पोरगी कोणत्या लाइनीत हाये, तर मोठेबाबा म्हणत, सायन्स. त्याच्या पुढचा प्रश्न आला की ते कापसाच्या भावावर येत.

आमच्यासारख्या गट नसलेल्यांना कॉलेजात त्रिशंकू म्हणत. आम्ही सात-आठ जण होतो. मला त्याचं फार वाईट वाटत नसे, कारण त्या वर्षी आमच्या अख्ख्या जिल्ह्याचंच तसं झालं होतं. राज्यांची नवी वाटणी व्हायची होती. वर्धा मध्य प्रदेशात राहणार, वेगळ्या विदर्भात जाणार की मुंबईला जोडणार, यावर बाबा आणि त्यांचे मित्र ओट्यावर बसून रोज संध्याकाळी चहा थंड करत. जिल्ह्याला जर थांबता येतं तर मलाही येईल, असं मी एकदा म्हटलं. जिल्ह्याचं लग्न करायचं नसतं, असं मोठेबाबा म्हणाले.

कारण आष्टीहून एक स्थळ आलं होतं. मुलाला मी पाहिलेलं नव्हतं. त्याच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की त्याच्याकडे डायनमोचा दिवा असलेली सायकल आहे. ही माहिती घरात इतक्या वेळा सांगितली गेली की पुढे पुढे मला स्थळ आठवलं की फक्त तो दिवाच दिसायचा. मुलाकडच्यांनी विचारलं होतं, मुलगी काय शिकते, आणि आमच्याकडून उत्तर गेलं होतं, अजून ठरायचंय. ते त्यांना चमत्कारिक वाटलं. खरं तर मलाही वाटलं असतं. शेवटी एका रविवारी मी वर्ध्याहून घरी आले असताना मोठेबाबांनी जेवणात निकाल लावला.

“दिवाळी सरेपर्यंत लाइन ठरली तं शिकजो. नाई ठरली तं आष्टी. मी काही वाईट बोलून राह्यलो काय?”

वाईट बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. बाबा ताटात पाहत राहिले. आईने मला आणखी एक भाकर वाढली.

आता मला जीवशास्त्रच कशाला हवं होतं, ते सांगते. मागाहून सगळे म्हणत की हिला लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं. मला तसलं काहीही व्हायचं नव्हतं. जुलै महिन्यात आम्हा त्रिशंकूंना प्रत्येक प्रयोगशाळा दाखवायला नेलं होतं. जीवशास्त्राच्या खोलीत सरांनी कांद्याचा एक पापुद्रा काचेवर ठेवला, वर लाल थेंब टाकला आणि प्रत्येकाला मायक्रोस्कोपमधून पाहायला सांगितलं. माझी पाळी आली. खाली विटांची भिंत होती. ओळीने, एकीला एक लागून, बांधकाम केल्यासारखी. आठव्या वर्षापासून मी कांदे चिरत होते आणि त्यात कोणी भिंत बांधून ठेवलीय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या मुलाने ढकललं तेव्हा मी त्याला कोपर मारलं आणि पुन्हा पाहिलं. मला त्या खोलीत बसायचं होतं, बस. ही गोष्ट घरी सांगितली तर आई म्हणाली, कांदा चिरताना डोळे जातेत ते काय कमी होते.

पण त्या खोलीत बसायला सगळ्यांनाच हवं होतं. नागपूरला मेडिकल कॉलेज होतं, तिथे जायचा रस्ता याच गटातून जायचा, आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी मुलाला डॉक्टर म्हणून आधीच हाक मारत होतं. जेवढे मायक्रोस्कोप तेवढीच मुलं, हा सरांचा नियम. सगळ्या जागा पहिल्याच आठवड्यात भरल्या होत्या. पुढे देवाच्या दयेने एक मुलगा बेडूक पाहून चक्कर येऊन पडला आणि शुद्धीवर आल्यावर थेट कॉमर्सला गेला. दुसऱ्याच्या वडिलांनी त्याला इंजिनियर करायचं ठरवलं. अशा दोन जागा मोकळ्या झाल्या आणि त्यांच्यासाठी आम्ही त्रिशंकू आणि गणिताला कंटाळलेले आणखी कितीतरी, असे सगळे सहामाहीनंतर एका शनिवारी त्या खोलीबाहेर उभे राहिलो.

सर जबलपूरकडचे. घराणं मराठी, पण दोन पिढ्या तिकडे गेलेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीला आतून हिंदीचं अस्तर होतं. कोट नेहमी घातलेला, उन्हाळ्यातही. सहामाहीचे गुण त्यांनी पाहिले आणि बाजूला ठेवले. म्हणाले, गुण तर सगळ्यांचेच ठीक आहेत. मग प्रत्येकाच्या पुढे एक एक पान ठेवलं. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं. जे दिसतं ते काढा, तासभर आहे, असं म्हणून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

माझ्या मनात लाडू फुटले. एक तर पऱ्हाटी. जन्म गेला होता आमचा पऱ्हाटीत. आणि दुसरं, काढायचं. माझी आई आमच्या गल्लीतली रांगोळीची मुख्य न्यायाधीश होती. ठिपके मोजायचे असले, कमळाच्या पाकळ्या जुळत नसल्या, की बायका तिला बोलावून नेत. तिची रांगोळी मधोमध घडी घातली तर दोन्ही बाजू एकमेकींवर बसतील अशी असायची. तिच्या हाताखाली मी सात वर्षांची असल्यापासून रांगोळी काढत होते. या मुलांनी जन्मात चिमटीत रांगोळी धरली नव्हती. मला त्यांची जरा दयाच आली.

मी पेन्सिलीने आधी बारीक ठिपके टाकले. मग पान काढलं. पाच बोटांचं, मधलं बोट उंच, दोन्हीकडची जोडी सारखी, शिरा इकडे जेवढ्या तेवढ्याच तिकडे. ठिपके खोडले. वेळ उरला म्हणून देठाला थोडी छाया दिली. इतकं देखणं पान मी आधी काढलं नव्हतं.

सर माझ्यामागे येऊन थांबले. त्यांनी कागद उचलला, आडवा केला, उलटा केला, आणि मला विचारलं, “हे पान कुठं भेटेल?”

मी टेबलावरच्या पानाकडे बोट दाखवलं.

“ते नाही. हे, कागदावरचं. वर्ध्यात कुठं भेटलं तर मला सांगा, मी स्वतः पाहायला येईन.”

मग मी टेबलावरचं पान पाहिलं. म्हणजे त्या तासात पहिल्यांदाच पाहिलं. त्याचं डावीकडचं एक बोट अर्धं तुटलेलं होतं. मधे किडीने खाऊन तीन भोकं पाडली होती, एक मोठं आणि दोन लहान. एक कड आत वळून तांबूस झाली होती. मला हे सगळं दिसलं नव्हतं असं नाही. माझ्या हाताने ते नीट करून टाकलं होतं, आई रांगोळीत एखादी पाकळी सुधारते तसं. सर म्हणाले, चित्र सुंदर आहे, घरी भिंतीवर लावा, पण हे याद करून काढलंय, आणि माझ्याकडची जागा पाहणाऱ्यासाठी आहे.

एक जागा त्यांनी वडनेरच्या एका मुलाला दिली. त्याचं चित्र मी मान वाकडी करून पाहिलं. बकरीने चघळून टाकलेलं काहीतरी वाटत होतं. पण तिन्ही भोकं जिथल्या तिथे होती. दुसरी जागा कोणालाच दिली नाही. दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हा एकदा बसवीन, ज्यांना यायचं ते या, असं सर म्हणाले. मावशीच्या घरी, जिथे मी वर्ध्याला राहत असे, त्या रात्री मी जेवले नाही. मावशीला वाटलं पोट बिघडलं. तिने ओवा दिला आणि मी तो रागारागाने चावून खाल्ला.

सुटीत आंजीला गेले ती पेन्सिल कानावर खोचूनच. पाहायचं आणि तसंच काढायचं, एवढं काम. सोपं वाटतं ना? करून पाहा. मी कान गेलेली कपबशी काढली तर कागदावर तिला कान फुटला. लंगडं वासरू काढलं, ते चारी पायांवर नीट उभं राहिलं. हात ऐकतच नव्हता. मग मी ठरवलं की जी वस्तू मुळात वेडीवाकडी आहे अशीच शोधायची, आणि घरात पाहत गेले तर मोठेबाबांची मिशी सापडली. तिची उजवी बाजू डावीपेक्षा चांगली बोटभर लांब होती. ते दुपारी ओसरीवर तोंड उघडं टाकून झोपत, तेव्हा मी समोर बसून ती काढली. तिसऱ्या दुपारी त्यांना जाग आली.

त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “माह्यी मिशी अशी हाये काय?”

मी म्हटलं, हाये. ते उठून आत आरशापाशी गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने त्यांची मिशी दोन्हीकडून सारखी केली आणि माझा एवढा चांगला नमुना हातचा गेला. बाबांना हसू आवरेना. ते शाळेला सुटी असूनही शाळेकडे फिरायला गेले.

मिशी मात्र बरीच जमली होती. त्यावरून माझ्या लक्षात आलं की खोड कागदावर नाही, हातात आहे, आणि हाताला ती दारापुढे रांगोळी काढून लागली आहे. जिथे लागली तिथेच मोडायला पाहिजे. धनतेरसच्या सकाळी मी आईच्या आधी उठले. सडा टाकला, वावरातून आदल्या दिवशी शोधून आणलेलं, सरांच्या पानासारखंच खाल्लेलं एक पान पाटीवर ठेवलं आणि त्याच्याकडे पाहत पाहत दारापुढे हातभर रांगोळी काढली. तुटलेलं बोट तुटलेलंच ठेवलं. भोकांच्या जागा सोडल्या. वळलेल्या कडेला थोडी हळद टाकली. उभी राहून पाहिलं आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पहिल्यांदा हात माझं ऐकत होता.

आई बाहेर आली. तिने पाहिलं आणि आत गेली. मला वाटलं आवडली. तेवढ्यात समोरच्या काकू पाण्याला निघाल्या, त्या थबकल्या. मग त्यांच्या मागची थांबली. थोड्या वेळाने काकू मागच्या दाराने आईकडे आल्या आणि दबक्या आवाजात विचारू लागल्या, घरात सगळं बरं आहे ना, पऱ्हाटीवर रोग पडला का, आष्टीचं काही बिनसलं का. कारण सणाच्या दिवशी दारात अशी फाटकी रांगोळी कोणी उगीच काढत नाही. आईने त्यांना सुपारी दिली, वाटेला लावलं, आणि पदर खोचून बाहेर आली. तिने हाताने माझं पान पुसलं आणि त्याच जागी कमळ काढायला बसली.

“दारापुढं खाल्लेलं पान काढत नसतेत. लक्ष्मी पाहीन अन् वापस जाईन.”

मी चिडलेच होते. म्हटलं, लक्ष्मी आपल्या घरी येते ती पऱ्हाटीतूनच येते, तिला अशी पानं पाहायची सवय असेल. आईचं कमळ त्या दिवशी नेहमीपेक्षाही गोल आलं. मला तिचा राग आला होता आणि दिवाळीत घरात तोंड फुगवून बसल्याचं वाईटही वाटत होतं. आष्टीचा दिवा डोळ्यांपुढून जात नव्हता.

संध्याकाळी तिने रांगोळीचा एक वेगळा डबा भरून माझ्यापुढे ठेवला. मागच्या अंगणात कोठ्याजवळ काय काढायचं ते काढ, तिथे गाई-म्हशींशिवाय कोणी पाहत नाही, म्हणाली. मग सगळी दिवाळी आमच्याकडे अशी झाली: पुढे आईची कमळं, शंख, दिवे, आणि मागे कोठ्यापाशी माझी फुटकी, किडकी, लंगडी दुनिया. म्हैस त्यावर बसायची, मी पुन्हा काढायची.

आई खरकटं टाकायला मागे येई. आधी नुसती ओलांडून जायची. मग थांबायला लागली. भाऊबीजेच्या सकाळी ती माझ्याशेजारी उकिडवी बसली, पाटीवरचं पान उचललं, माझ्या रांगोळीवर धरलं आणि म्हणाली, मोठं भोक ह्या अंगाले नाई, त्या अंगाले पाह्यजे. मी म्हटलं, आई, तू पान पालथं धरलंस. तिने पान उलटून पाहिलं. मग दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग मला म्हणाली की चहा निवून राह्यला, उठ. पण ती स्वतः तिथून लवकर उठली नाही.

सुटी संपली. निघताना मोठेबाबांनी आठवण दिली की दिवाळी सरली. मी म्हटलं, शनिवारपर्यंत. ते म्हणाले, बरं, शनिवारपर्यंत. मिशी कापल्यापासून ते माझ्याशी जरा सांभाळून बोलत.

त्या शनिवारी त्या खोलीत पहिल्यापेक्षा जास्त मुलं होती. सरांना भोकं पाहिजेत ही बातमी सगळीकडे पसरली होती. माझ्या शेजारच्याने तर सुटीत किडक्या पानांची वहीच भरली होती, तो मला दाखवत होता. सर आले आणि त्यांनी प्रत्येकापुढे पान ठेवलं. कडुनिंबाचं, एका काडीवर दोन्हीकडे बारकी पानं असलेलं. धुतल्यासारखं हिरवं, कुठे भोक नाही, डाग नाही, काही नाही.

एवढी मेहनत करून मी वाकडं काढायला शिकले होते आणि आता यांनी सरळ दिलं. शेजारच्याने क्षणभर विचार केला आणि नेमाने एक भोक काढलं. पलीकडच्याने देवळाच्या तोरणासारखी पानं सुबक लावायला घेतली. मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, बाई, आधी पाहा.

पाहत बसले. आणि दिसायला लागलं. निंबाच्या डहाळीवरचं एकेक बारकं पान बुडाशी सारखं नसतंच. त्याची एक बाजू भरलेली असते आणि दुसरी काटून घेतल्यासारखी. प्रत्येक पानाचं तसंच होतं. गुढीपाडव्याला मी या पानांची तोरणं बांधली होती, चैत्रात ती चावून तोंड कडू केलं होतं, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. समोरासमोरची पानंही अगदी समोरासमोर नव्हती, एक थोडं वर, एक थोडं खाली. मी एकेक काढत टोकाशी गेले. टोकाला पान नव्हतं. दोन्हीकडे होती आणि मधे शेंड्यावर, जिथे एक हवं, तिथे नुसती काडी.

ते गळून पडलं असणार असं मला वाटलं. मी टेबलावर पाहिलं, मांडीवर पाहिलं, मग बाकाखाली वाकले. तिथे नव्हतं. शेजारच्याच्या पायाजवळ पाहिलं, त्याने पाय उचलले. वर आले तर समोर सरांचा कोट.

“काय हरवलं?”

“टोकाचं पान,” मी म्हटलं.

“भेटलं?”

मी काडीचं टोक पुन्हा पाहिलं. तुटल्याची खूण नव्हती. ते नीट मिटलेलं, गुळगुळीत होतं. “नाही सर. ते नव्हतंच.”

“मग काय करणार?”

“काढणार नाही.”

सरांनी माझा अर्धा झालेला कागद उचलला. आडवा नाही केला, उलटा नाही केला. बराच वेळ पाहिलं आणि खाली ठेवला. “हे पान भेटलं,” ते म्हणाले. “पूरं करा. सोमवारी येताना पांढरा कोट शिवून आणा, आणि बेडकाला घाबरत असाल तर आत्ताच सांगून टाका.”

मी म्हटलं, नाही घाबरत. घाबरत होते. पण ते पुढच्या सोमवारचं होतं.

दुपारच्या मोटारीने मी आंजीला निघाले. मोटारीत मला बसायला जागा नव्हती आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. घरी काय काय आणि कसं सांगायचं, ते मी ठरवत होते. मोठेबाबांना आधी लाइन सांगायची. बाबांना सांगताना गणिताबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे. आईला कसं सांगायचं ते काही सुचत नव्हतं.

गल्लीत वळले तेव्हा उन्हं उतरली होती. समोरच्या काकू आमच्या दारापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मी जवळ गेले आणि मला दिसलं. आमच्या पुढच्या अंगणात, कमळाच्या जागी, दीड हाताचं पऱ्हाटीचं पान होतं. सकाळी काढलेलं. डावीकडचं बोट अर्धं. मधे तीन भोकं, मोठं भोक बरोबर भाऊबीजेच्या पानातल्याच अंगाला. दिवसभरात गाईच्या खुराने आणखी एक बोट पुसून गेलं होतं, त्यामुळे ते आता जास्तच खाल्लेलं दिसत होतं. माझा निकाल अजून घरात कोणाला माहीत नव्हता. सकाळी तर मी सरांच्या खोलीबाहेरच उभी होते.

काकूंनी आईला हाक मारली आणि म्हणाल्या, “माय, आज तुह्यी रांगोळी चुकली.”

आई दारात आली. तिने मला पाहिलं, पण बोलली काकूंशी. “चुकली नाई. पाहून काढली.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आई माझ्याकडे पाहत होती, विचारत नव्हती. मी मान हलवली, म्हणजे हो, मिळाली जागा. तिने पदराने डोळे पुसले नाहीत, काही नाही. खाली रांगोळीकडे पाहिलं आणि म्हणाली, “बाजूनं ये. त्याच्यावर पाय नोको देजो.”

मी चपला हातात घेतल्या आणि भिंतीला लागून, त्या पानाच्या कडेकडेने घरात गेले.